दुसरीतल्या मुलाला दशक-एकक आणि हातचा कसा समजवायचा? (वस्तू, चित्रं वगैरे वापरून)

निशिगंध:

नमस्कार मंडळी, शाळेत शिकवणारं किंवा घरी मुलांचा अभ्यास घेणारं कोणी असेल तर जरा इकडे बघा. माझा मुलगा दुसरीत आहे, सेमी इंग्लिश. एका अंकाची बेरीज बोटांवर बरोबर करतो, दोन अंकी बिनहातच्याची पण फटाफट करतो, ३२ + २५ वगैरे, आम्ही खूश की चला जमलं. मग हातच्याची बेरीज आली आणि सगळं फिसकटलं. २८ + १५ दिलं की उत्तर ३१३. म्हणजे आठ नि पाच तेरा, ते खाली तसेच्या तसे लिहिले, दोन नि एक तीन, ते डाव्या बाजूला. मी म्हटलं अरे अठ्ठावीस रुपयांत पंधरा रुपये घातले तर तीनशे तेरा होतील का, तर म्हणतो "रुपये कुठेयत गं आई, हे गणित आहे." यावर काय बोलणार!

दुसरं म्हणजे सत्तावीस म्हटलं की हमखास ७२ लिहितो. ट्वेंटी सेव्हन म्हटलं तर बरोबर लिहितो. घरी सगळे मराठीतच आकडे बोलतो त्यामुळे सासूबाईंना वाटतं याला आकडेच येत नाहीत.

ऑनलाइन एक लाकडी सेट मागवला, सुटे ठोकळे, दहाच्या दांड्या, शंभराची चौकोनी पाटी असा. दांड्यांच्या तलवारी झाल्या. यूट्यूबवरचे बेरजेचे व्हिडिओ आवडीने बघतो, नाचतो पण, वही उघडली की परत ३१३. शेजारी अबॅकसचा क्लास आहे ते म्हणतात आमच्याकडे पाठवा, नवरा म्हणतो काही नको, पाढे आणि बेरजा घोकून घे, आपण नाही का शिकलो.

चित्रं, वस्तू यांनी खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर नेमकं कशापासून सुरू करू?

-----

पाटीपेन्सिल:

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी घेतो. ३१३ हे उत्तर दर वर्षी वर्गात कोणी ना कोणी आणतंच, त्यामुळे घाबरू नका. तुमचा मुलगा हुशार आहे, त्याने नियम बरोबर पाळलाय, 'उभं बघायचं आणि बेरीज खाली लिहायची' एवढाच नियम त्याच्यापर्यंत पोचलाय. डावीकडचा २ म्हणजे वीस आहे हे त्याला अजून कोणी दाखवलेलं नाही, सांगितलं असेल शंभरदा, पण दाखवलेलं नाही.

आधी एक छोटी तपासणी करा. १६ चिंचोके मोजायला सांगा, मग कागदावर १६ लिहायला सांगा. आता त्या १६ मधल्या ६ भोवती गोल करा आणि विचारा, हा जो आकडा आहे तेवढे चिंचोके दाखव. सहा दाखवेल. मग १ भोवती गोल करा आणि तेच विचारा. बहुतेक मुलं एकच चिंचोका उचलतात, उरलेल्या नऊ चिंचोक्यांचं काय असं विचारलं तर त्यांना तो प्रश्नच कळत नाही. मुलं गणित कसं शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या कॉन्स्टन्स कामी या बाईंच्या कामात ही चाचणी येते, मी ती वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांची घेतो, पाच मिनिटांत कळतं कोण कुठे आहे. तुमच्या मुलाने एकच चिंचोका उचलला तर हातच्याचं गणित महिनाभर बाजूला ठेवा, वहीतलं काही दाखवू नका.

तुमचा लाकडी सेट चांगलाच असेल पण सुरुवातीला तो उपयोगाचा नाही आणि यात तुमच्या मुलाचा दोष नाही. ती दहाची दांडी कारखान्यातून चिकटून आलेली आहे. तिच्यात दहा आहेत हे आपल्याला दिसतं, त्याला दांडी दिसते, आणि दांडीची तलवारच होणार ना! त्याने स्वतः दहा सुटे मोजून बांधले पाहिजेत आणि हवं तेव्हा सोडता आले पाहिजेत. म्हणून काड्या घ्या. आइस्क्रीमच्या काड्या स्टेशनरीवाल्याकडे मिळतात, नाहीतर खराट्याचे हीर सारखे मोडून घ्या, फुकट काम. आणि भरपूर रबरबँड.

खेळ असा. दोन फासे टाकायचे, जेवढे पडले तेवढ्या काड्या घ्यायच्या, आईने पण टाकायचे. ज्याच्याकडे दहा सुट्या झाल्या त्याने लगेच गठ्ठा बांधायचा, दहा सुट्या हातात ठेवणं म्हणजे फाऊल. ज्याचे आधी पाच गठ्ठे तो जिंकला. मुलं वेड्यासारखी खेळतात हो हे. आणि खेळताना सारखं विचारायचं तुझ्याकडे किती झाले, तर 'तीन गठ्ठे नि चार सुट्या, चौतीस' असं त्याच्या तोंडून आलं पाहिजे. काही दिवसांनी तो सुट्या मोजताना सुरुवातीपासून मोजणं सोडून देतो, गठ्ठ्याला हात लावून दहा, वीस, तीस म्हणतो आणि तिथून पुढे एकतीस, बत्तीस करतो. हे झालं की समजा दशक डोक्यात बसला.

मग २८ + १५ काड्यांनी. दोन गठ्ठे आठ सुट्या, एक गठ्ठा पाच सुट्या, सगळं एकत्र ढकला. सुट्या तेरा झाल्या, फाऊल! दहा बांधल्या, गठ्ठा उचलून गठ्ठ्यांच्या बाजूला ठेवला. तो उचलून ठेवलेला गठ्ठा म्हणजे हातचा. शब्द आधी शिकवू नका, हे चारपाच दिवस नुसतं हाताने होऊ द्या आणि मग सहज म्हणा की याला हातचा म्हणतात.

त्यानंतर काड्या बंद करून चित्र काढायचं, गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्याला टिंब. दहा टिंबांना गोल करून बाणाने रेघांकडे नेऊन एक रेघ काढायची. हे चित्र वहीत येतं, परीक्षेत कच्च्या कामाला काढता येतं, आणि कोणी चोरत पण नाही (आमच्याकडे काड्यांच्या चोऱ्या होतात). चित्राच्या शेजारी अंकांची मांडणी लिहायची, म्हणजे डोक्यावरचा तो छोटासा १ म्हणजे बाणाने गेलेली रेघ हे त्याला दिसतं. डीएडला आम्हाला ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाच्या पायऱ्या म्हणून हेच होतं, आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. व्हिडिओत नेमकी पहिली पायरी नसते, बांधाबांध स्क्रीनवरचं कार्टून करतं आणि आपलं पोरगं नाचतं.

-----

उगाच_कुणीतरी:

एवढं सगळं करण्यापेक्षा रोज वीस गणितं घालायची, महिन्यात येतं. आमच्या वेळी गुरुजी छडी घेऊन बसायचे, कोणाचं ३१३ आलं नाही. काड्या, खडे, खेळणी, हे सगळं नवीन फॅड आहे.

-----

आज्जी_ऑनलाइन:

उगाच_कुणीतरी, बाळा, खडे आणि काड्या नवीन फॅड कसं म्हणतोस? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं, तिथल्या बालवाड्यांत शंख-शिंपले, बिया, दगड, पानं हेच साहित्य होतं. माँटेसरीबाईंचे सोनेरी मणी परवडणारे नव्हते, म्हणून आजूबाजूला जे होतं ते घेतलं. मी स्वतः बालवाडी चालवायचे, चिंचोके आणि गजगे यांच्यावर माझ्या हाताखालून पुष्कळ मुलं शिकून गेली.

आणि घोकंपट्टीचं म्हणशील तर तीही मला माहीत आहे. आम्ही म्हणायचो एकावर पूज्य दहा, एकावर एक अकरा, एकावर दोन बारा, दोनावर पूज्य वीस. सूर लावून म्हणायला छान वाटायचं आणि २७ कसं लिहायचं ते पक्कं व्हायचं, दोनावर सात सत्तावीस, उलटं व्हायची सोयच नाही. निशिगंध, तुझ्या मुलाच्या ७२ ला हे नक्की लागू पडेल, करून बघ. पण त्यातला दोन म्हणजे वीस हे त्यातून कळत नाही, तेवढ्यासाठी काड्या लागतातच. दोन्ही चालू ठेव, एकाने दुसऱ्याचं काही बिघडत नाही.

सासूबाईंना सांग मुलाला येतंय सगळं, आपलेच आकडे जरा तिरपे आहेत.

-----

राईनकाठचा:

आज्जी +१

तिरप्या आकड्यांवरून सांगतो, मी जर्मनीत राहतो, मुलगी इथल्या शाळेत जाते. जर्मनमध्ये २७ ला झीबेन-उंट-त्स्वान्त्सिख म्हणतात, म्हणजे सात आणि वीस, आपल्या सत्तावीससारखंच एकक आधी. त्यामुळे इथेही पोरं ७२ लिहितात आणि शिक्षकांना ते इतकं सवयीचं आहे की त्याला वेगळं नावच आहे. २००४ मध्ये बोखुमच्या विद्यापीठातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाच्या पुढाकाराने एक संस्था पण निघाली, नाव त्स्वान्त्सिग-आइन्स, म्हणजे शब्दशः वीस-एक! त्यांचं म्हणणं शाळेत दोन्ही पद्धती चालू द्या. अजून तरी कोणी ऐकलेलं नाही. नॉर्वेत मात्र १९५१ मध्ये सरकारने अधिकृतपणे आकडे फिरवले, आधी दशक मग एकक, आणि म्हातारे लोक पुढे कित्येक वर्षं जुनंच बोलत राहिले.

आपल्याकडे २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन आलं तेव्हा काय गदारोळ झाला आठवतंय का? विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण, टीव्हीवर मराठी भाषा बुडाली म्हणून चर्चा. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्या सांगत होत्या की एकवीस, बावीस काढलेलं नाही, दोन्ही दिलंय, मुलाला समजायला सोपं जावं म्हणून. कोणी पुस्तक उघडून बघेल तर ना. भाषा म्हणून मला स्वतःला सत्तावीसच बोलायला आवडतं, पण सात वर्षांच्या पोराला आकडा लिहिताना 'वीस सात' असा आधार मिळाला तर त्यात कोणाचं काय गेलं? एकोणतीस बघा ना, त्यात ऐकू तीस येतं आणि लिहायचे दोन नि नऊ. मोठ्या माणसाला कळतं की एक उणा तीस, पोराने काय करायचं.

इथे पहिलीच्या वर्गात वीस मण्यांची फ्रेम असते, दोन तारा, प्रत्येक तारेवर पाच लाल पाच निळे. पाचाचा रंग बदलल्यामुळे सात हे न मोजता दिसतं, पाच आणि दोन. सहा-सात-आठ यात बोटं मोजणारी मुलं त्यावर पटकन सुटतात. घरी बुटाची जुनी लेस आणि दोन रंगांचे मणी घेऊन करता येते.

-----

कोरा_कागद:

मण्यांच्या फ्रेमवरून आठवलं, अंड्याचा ट्रे! तो तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे असतो ना, पाच बाय सहाचा. सहाच्या बाजूने दोन-दोन ओळी सोडून कापला की बरोब्बर तीन तुकडे होतात, प्रत्येकात दोन ओळी, पाच-पाच खळगे, म्हणजे दहाचं घर तयार. एका घरात आठ चेंडू (कागदाचे बोळे पण चालतात), दुसऱ्यात पाच. पहिल्यात दोन खळगे रिकामे दिसतातच, मुलगा आपणहून दुसऱ्यातले दोन उचलून तिकडे टाकतो. झाले दहा आणि तीन. 'आठ अधिक पाच म्हणजे दहा आणि तीन' हे एकदा दिसलं की हातचा वगैरे वेगळं शिकवावं लागत नाही फारसं.

आमच्याकडे यातूनच तोंडी हिशोब सुरू झाले. ३८ + २७ ला माझी मुलगी म्हणते, अडतिसाला दोन दिले चाळीस, पंचवीस उरले, पासष्ट. वहीत उभी मांडणी न करता उत्तर लिहिलं म्हणून बाईंनी लाल रेघ मारली होती हा भाग वेगळा.

-----

निशिगंध:

सगळ्यांना खूप धन्यवाद, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. चिंचोक्यांची तपासणी केली, पाटीपेन्सिल सर, एकच चिंचोका उचलला त्याने! उरलेल्यांचं विचारलं तर म्हणे "ते असेच आहेत." आता फाशांचा खेळ चालू आहे, फाऊल प्रकार फार आवडलाय, बाबांना मुद्दाम फाऊल करायला लावतो. अंड्याचा ट्रे शेजारून मागून आणला, आम्ही अंडी खात नाही त्यामुळे सासूबाईंनी तो आधी गॅलरीत उन्हात ठेवला आणि मगच घरात घेतला, असो.

दोन प्रश्न. खोट्या नोटा वापरल्या तर चालतील का, एकची, दहाची, शंभरची? त्याला दुकान दुकान खेळायला आवडतं. आणि सापशिडीवर आकडे असतातच, त्यावरून दहा-दहाने पुढे जाणं शिकवता येईल का?

-----

पाटीपेन्सिल:

"ते असेच आहेत" लिहून ठेवतो, वर्गात वापरीन.

नोटा जरूर वापरा पण आत्ता नको, काड्यांचं पक्कं झाल्यावर. गठ्ठा दहापट जाड दिसतो, हाताला लागतो, सोडून मोजता येतो. दहाची नोट एकच्या नाण्याच्या दहापट मोठी नसते, तिची किंमत दहा आहे हे आपण सगळ्यांनी मिळून मानलेलं आहे, आणि ती फाडून दहा एकक निघत नाहीत, बदलून घ्यावी लागते. हा एक टप्पा पुढचा आहे. पण त्यासाठीच चांगला आहे, कारण लिहिलेल्या आकड्यात तर तेवढंही दिसत नाही, २२ मधले दोन्ही दोन अगदी सारखे दिसतात, नुसत्या जागेवरून किंमत ठरते. म्हणून क्रम काड्या, मग नोटा, मग अंक. दुकान खेळताना बँक तुम्ही व्हा, दहा एकची नाणी झाली की बँकेतून दहाची नोट घ्यायची.

अबॅकस क्लासचं राहिलंच. त्या अबॅकसमध्ये वरचा मणी पाचाचा, खालचे चार एकेकाचे, त्यावर हात बसला की हिशोबाला वेग येतो, घालायचं तर पुढे घाला. पण ज्याला १६ मधला १ म्हणजे दहा हे माहीत नाही त्याला तिथे मणी सरकवायचे नवीन नियम मिळतील, एवढंच. हे माझं मत, क्लासवाले चिडतील.

सापशिडीत एक गोम आहे, बोर्ड नीट बघा. खालची ओळ डावीकडून उजवीकडे १ ते १०, वरची उजवीकडून डावीकडे ११ ते २०, अशी नागमोडी. त्यामुळे ३ च्या डोक्यावर १३ येत नाही, १८ येतो. पुढे-मागे मोजायला, फासा टाकून मिळवायला सापशिडी मस्त, पण दहा मिळवले की सरळ एक घर खाली हे दाखवायचं असेल तर शंभराचा साधा तक्ता घ्या, प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होणारा. त्यावर ३, १३, २३, ३३ एकाखाली एक येतात. तक्त्यावर एखादा आकडा टिकलीने झाकून ठेवा आणि कोणता झाकलाय ते ओळखायला लावा, पोरं आजूबाजूचे आकडे बघून सांगतात.

-----

उगाच_कुणीतरी:

बरं बाबा, खडे-काड्या मान्य. पण एक सांगा, वजाबाकीत हे कसं करणार? माझ्या पुतण्याला मी ४३ - १५ शिकवत होतो, तीनातून पाच जात नाहीत, हातचा घेतला, तेरातून पाच गेले आठ, खालच्या एकाला हातचा एक मिळवला दोन, चारातून दोन गेले दोन, अठ्ठावीस. उत्तर बरोबर. तर त्याची आई म्हणते शाळेत असं शिकवत नाहीत, वरच्या चाराचे तीन करतात. कोण बरोबर?

-----

आज्जी_ऑनलाइन:

दोन्ही बरोबर. तू म्हणतोस ती जुनी रीत, आम्हाला तीच होती. त्यात वर दहा सुटे दिले आणि खाली एक दशक दिला, दोघांनाही दहा-दहा वाढवले म्हणून फरक तोच राहिला. आम्हाला हे कारण कोणी सांगितलं नव्हतं, मला स्वतःला शिकवायला लागल्यावर कळलं.

-----

पाटीपेन्सिल:

आज्जी बरोबर सांगतायत. पण पुतण्याला आत्ता शाळेचीच रीत राहू द्या, कारण काड्यांनी तीच दिसते. चार गठ्ठे तीन सुट्या आहेत, पाच द्यायच्या आहेत, सुट्या पुरत नाहीत, तर एका गठ्ठ्याचं रबर काढायचं. गठ्ठे उरले तीन, सुट्या झाल्या तेरा. तेरातून पाच दिल्या, तीन गठ्ठ्यांतून एक दिला, उरलं अठ्ठावीस. वरच्या चारावर काट मारून तीन का लिहितात ते रबर काढताना त्याच्या हाताला कळतं. जुन्या रीतीसाठी काड्यांचे दोन ढीग समोर मांडावे लागतात आणि दोन्हीत दहा-दहा बाहेरून आणून घालावे लागतात, ते दुसरीतल्या पोराला पटत नाही, म्हणतात "सर, ह्या काड्या कुठून आल्या?" चौथी-पाचवीत सांगा, तेव्हा मजा येते त्यांना.

आणि निशिगंध ताई, वजाबाकीकडे जायच्या आधी तोच फाशांचा खेळ उलटा खेळा. दोघांनी पाच-पाच गठ्ठे घेऊन बसायचं, फासे पडतील तेवढ्या काड्या डब्यात परत टाकायच्या, सुट्या संपल्या की गठ्ठा सोडायचा, ज्याचं आधी संपेल तो जिंकला. शेवटी नेमक्या तेवढ्याच पडायला हव्यात असा नियम लावू नका, खेळ लांबतो आणि पोरं रबरं ताणून एकमेकांना मारत बसतात.